टेम्पररी

43व्या वर्षी परीक्षेला बसलो आणि पहिल्याच गणितात माती उलटी केली. माती भिंतीला किती रेटते त्या सूत्रासाठी साइन 30 काढायचा होता, कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर होता (आदल्या रात्री लेकीने अभ्यासाला घेतला होता, तिने तसाच परत ठेवला), आणि माझं उत्तर आलं 166. यायला हवं होतं एक तृतीयांश. म्हणजे माझ्या हिशोबाने माती भिंतीला आपल्या वजनाच्या 166 पट जोराने ढकलत होती, असं असतं तर अख्ख्या गोव्यात एक कंपाउंड वॉल उभी राहिली नसती. शेजारी डिचोलीच्या खाणीवरचा एक जुना फोरमन बसलेला, तो माझ्या पेपरात डोकावून हळूच म्हणाला, "साहेब, तुमची माती रागावलीय."

कोर्स पाच दिवसांचा, पणजीत, ऐन मे महिन्यात. नाव लांबलचक होतं, डीप एक्सकॅव्हेशन, अर्थ रिटेन्शन वगैरे, साइटवर आम्ही सरळ शोअरिंगचा कोर्स म्हणत होतो. खोल खड्डा मारताना बाजूची माती, बाजूचा रस्ता आणि बाजूच्याचं घर खड्ड्यात येऊ नये म्हणून जे काय करतात ते सगळं. मी हौसेने गेलो नव्हतो. ताळगावच्या बाजूला दोन बेसमेंटचं काम मिळालं होतं आणि क्लायंटच्या कन्सल्टंटने अटच घातली की साइटवरच्या इंजिनिअरने हे ट्रेनिंग केलेलं पाहिजे. आमच्या कंपनीच्या मालकांनी फी भरली, पण भरताना जे बोलले ते माझ्या डोक्यात पाचही दिवस फिरत होतं. म्हणाले, "जे काम शेवटी उपटून फेकायचं त्याच्यासाठी शाळेत जायचं?"

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या धंद्यात शोअरिंगला टेम्पररी वर्क्स म्हणतात, आणि बिल ऑफ क्वांटिटीमध्ये त्याची एकच ओळ असते, लमसम, म्हणजे ठोक रक्कम. टाइल्स कुठल्या कंपनीच्या, नळ कुठले, यावर तीन तीन मीटिंगा होतात. सात मीटर खोल खड्ड्यात तीस माणसं चार महिने काम करणार, त्यांच्या डोक्यापाठची माती कशाने थांबणार, हे त्या एका ओळीत.

शिकवणारे सर पुण्याकडचे, साठी उलटलेले, शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं लावणारे. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर चालेना, तर ते बाहेर गेले आणि गाडीतून माशांची काचेची टाकी घेऊन आले. मासे नाहीत, कोरडी वाळू. मध्ये एक पुठ्ठ्याची भिंत उभी केलेली, तिला एका बाजूने बोटाने धरायचं आणि दुसऱ्या बाजूला वाळू ओतायची. मला पुढे बोलावलं. वाळू वर येत गेली तसं बोटाला कळायला लागलं की पाठीमागून कोणी तरी रेटतंय. मग सर म्हणाले, आता बोट एक केसभर मागे घ्या. घेतलं. आणि रेटा कमी झाला! मला वाटलं होतं मागे सरलो की अंगावर येईल. पण भिंत जरा सरकली की वाळूचा एक तिरका पाचर मोकळा होतो, वाळूचे कण एकमेकांना धरून बसतात आणि भिंतीवरचा भार उतरतो. याला ॲक्टिव्ह प्रेशर म्हणतात. कॉलेजात फर्मागुडीला आम्ही हे शिकलो होतो, म्हणजे पाठ केलं होतं, रँकिनचं सूत्र 1857 चं, एक वजा साइन भागिले एक अधिक साइन. मातीच्या कणांमधल्या घर्षणाचा कोन 30 अंश असला की उत्तर एक तृतीयांश.

आता भिंत वाळूत ढकला, म्हणाले. मी जोर लावला, पुठ्ठा वाकला पण वाळू हलेना. उलट बाजूने तेच सूत्र पालथं होतं आणि उत्तर येतं 3, याला पॅसिव्ह प्रेशर म्हणतात. म्हणजे माती जेवढ्या जोराने येते, तिच्यात घुसायला त्याच्या नऊपट जोर लागतो. खड्ड्याच्या तळाखाली भिंत किंवा पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) का गाडतात ते इथे आहे, खालची माती ती नऊपट ताकद घेऊन पाय धरून उभी राहते. पण मुंबईकडून आलेल्या एका मुलाने विचारलं तसं त्यातही मेख आहे, ही ताकद फुकट मिळत नाही, ती जागी व्हायला भिंत बऱ्यापैकी हलावी लागते. ॲक्टिव्ह व्हायला उंचीच्या हजारात एकदोन भाग पुरतात, सहा मीटरला साधारण 6 ते 12 मिलिमीटर. पॅसिव्हला त्याच्या कितीतरी पट. तेवढी हलवली तर शेजारच्याच्या घराला तडे.

हे सगळं पहिल्यांदा कोणी मांडलं तर कुलाँ, तोच तो विजेच्या धड्यातला. लष्करी इंजिनिअर होता, 1764 मध्ये मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवला, आठेक वर्षं तिथल्या उष्ण दमट हवेत काढली, तब्येतीची वाट लागली, आणि किल्ल्याच्या भिंतीमागची माती किती ढकलेल याचा निबंध परत गेल्यावर 1773 मध्ये सादर केला. सर हे सांगत होते तेव्हा हॉलचा एसी बंद पडलेला आणि आम्ही बावीस जण घामाने निथळत होतो, त्यामुळे माणूस एकदम जवळचा वाटला.

टाकीचा खरा खेळ दुपारी, जेवणानंतर. (शीतकडी आणि तळलेला बांगडा, त्यामुळे निम्मी मंडळी पेंगत होती.) सरांनी वाळूत पाणी ओतलं. हळूहळू, एका कोपऱ्यातून. मी बोट लावून उभा. अर्धी टाकी भरली तेव्हा बोट दुखायला लागलं आणि मग पुठ्ठा गेलाच, सगळा चिखल माझ्या पँटीवर. हसून झाल्यावर त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला, तो मी तसाच वहीत उतरवलाय. कोरडी माती घनमीटरला 1.8 टन, तिचा तिसरा हिस्सा भिंतीवर, म्हणजे खोलीच्या प्रत्येक मीटरला 0.6 टन. पाणी भरलं की माती तरंगते, तिचं वजन उरतं साधारण 1 टन, तिसरा हिस्सा 0.33. कमी झालं ना? पण पाण्याला साइन-बिइन काही नसतं, पाणी सगळंच्या सगळं ढकलतं, वर 1 टन. बेरीज 1.33. पाच मीटरच्या भिंतीवर, एक मीटर लांबीला, मे महिन्यात साडेसात टन आणि पाणी वरपर्यंत भरलं तर साडेसोळा टन. भिंत तीच, फक्त जून लागला.

दुपटीहून जास्त. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत.

त्या रात्री घरी जाताना मी रस्त्याकडेचे गडगे बघत गेलो. जुने चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे गडगे, नुसता चिऱ्यावर चिरा, ना सिमेंट ना चुना, कुठे पोट आलेलं, कुठे पिंपळ उगवलेला, आणि उभे आहेत आपले आजोबांच्या वेळेपासून. आणि त्याच्या बाजूला नवीन बंगल्याची प्लास्टर मारून, रंग काढून, वर ग्रिल लावलेली भिंत दर जुलैत कुठे ना कुठे आडवी होते आणि पेपरात फोटो येतो. गडग्याच्या फटीतून पाणी निघून जातं, एवढंच. नव्या भिंतीला वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) ठेवले तर बंगल्याचा मालक म्हणतो भिंतीवर डाग पडतात, बुजवा. मी स्वतः बुजवलेत. एकदा नाही.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले की प्रत्येकाने आपण पाहिलेला एक प्रसंग सांगायचा, जागेचं नाव कंपनीचं नाव काही नको. पहिले दोघं तिघं मोकळे झाले आणि माझा नंबर आला तेव्हा मी काहीतरी पाइलच्या काँक्रीटचं सांगून खाली बसलो. खरा प्रसंग सांगितला नाही. इथे सांगतो.

2011 चा ऑक्टोबर, फोंडा तालुक्यात पाइपलाइनचा चर. खोली साधारण अडीच मीटर, रुंदी जेसीबीच्या बकेटएवढी. पाऊस संपला संपला म्हणत होतो. वरचा मीटरभर चिरा कसा मस्त, सरळ कापलेला, सुरीने वडी कापावी तसा, त्यामुळे कोणाला भीतीच वाटेना. त्याच्याखाली मात्र पिवळी-गुलाबी-पांढरी मऊ माती लागली, ओली झाली की साबणासारखी. काढलेली माती चराच्या काठाला लागूनच टाकलेली, कारण पलीकडे रस्ता आणि रस्ता बंद करायची परवानगी नव्हती. मी मुकादमाला म्हटलं होतं, दोन फळ्या लावूया का, तो म्हणाला, "साब, कुछ नहीं होता, दो घंटे का काम है." आणि मला बरंच वाटलं, कारण फळ्या आणायला फोंड्याला जावं लागलं असतं. हे मी कधी कोणाला बोललो नाही, की तो नाही म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं.

आवाज झाला नाही. धप्प असं काहीतरी, ओली चादर जमिनीवर पडावी तसं. विजापूरकडचा एक मुलगा, विशीचा असेल, जॉइंटला गास्केट बसवत वाकलेला होता, तेवढ्यात उठला म्हणून छातीपर्यंतच गाडला गेला. छातीपर्यंतच असं मी लिहितोय, पण छातीपर्यंत म्हणजे काय ते सरांनी फळ्यावर हिशोब मांडला तेव्हा कळलं, घनमीटरला पावणेदोन टन, माणूस ओरडायला श्वास सोडतो आणि परत घ्यायला छाती फुगतच नाही. तो ओरडत नव्हता. जेसीबीवाला बकेट घेऊन धावला तर त्याच मुकादमाने त्याला शिव्या घालून थांबवलं आणि सगळ्यांनी हातांनी, घमेल्यांनी, एकाने तर जेवणाच्या डब्याच्या झाकणाने माती उपसली. चाळीस मिनिटं. वाचला. दोन बरगड्या गेल्या आणि गावी गेला तो परत आला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, "अचानक मातीची ढासळ." तो रिपोर्ट मी लिहिला.

अमेरिकेतल्या नियमात पाच फूट किंवा त्याहून खोल चरात, अखंड कातळ नसेल तर, आधार नसताना माणूस उतरवायचा नाही, काढलेली माती काठापासून किमान दोन फूट लांब आणि पंचवीस फुटांच्या आत शिडी. आपल्याकडेही खोदकामाच्या सुरक्षेचा कोड आहे, आयएस 3764, मी तो कॉलेज पास होऊन अठरा वर्षांनी पहिल्यांदा उघडून वाचला. फार काही अवघड नाही त्यात. फळ्या, वासे, शिडी, माती लांब टाका. सगळं मिळून त्या दिवसाचा खर्च काही हजार रुपये झाला असता.

त्या चिऱ्याबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे, कारण आपल्या गोव्याच्या मातीची सगळी फसवणूक तिथे आहे. आमच्या डिचोलीच्या घरची विहीर (आम्ही बांय म्हणतो) आजोबांनी खणून घेतली. चिरा ताजा असतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून वरचा भाग आपोआप उभा राहतो, त्याला काही लागत नाही. पण चिऱ्याखाली जो लिथोमार्जचा थर असतो, तीच ती गुलाबी-पांढरी माती, तिथे पोचले की विहीर खणणारे दिवसाला हातभरच खणायचे आणि तेवढं लगेच चिऱ्याने बांधून घ्यायचे, मग पुढचा हात. आजोबा सांगायचे की खणणारा रोज सकाळी उतरण्याआधी वरून एक कळशी पाणी भिंतीवर मारून बघायचा, माती ओघळली तर त्या दिवशी सुट्टी. कोणी शिकवलं असेल त्याला? टप्प्याटप्प्याने खणा, खणलेलं लगेच धरा, बघून पुढे जा, तेच आता सॉइल नेलिंग आणि शॉटक्रीट करताना करतात, फक्त चिऱ्याऐवजी सळया आणि फवारलेलं काँक्रीट.

अशाच मऊ, पाणी भरलेल्या मातीने कोकण रेल्वेला पेडण्यात रडवलं. दीड किलोमीटरचा बोगदा, पण पुन्हा पुन्हा ढासळत राहिला आणि सगळा मार्ग जानेवारी 1998 मध्ये सुरू झाला त्यात हा तुकडा सगळ्यात शेवटी आला. ऑगस्ट 2020 मध्ये पावसात त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग पडला, जुलै 2024 मध्ये आत पाणी आणि चिखल येऊन गाड्या थांबल्या. माझी बायको पेडण्याची, तिच्या माहेरी हा विषय निघाला की सासरे म्हणतात, डोंगर विसरत नाही. मी म्हणतो पाणी विसरत नाही, पण जावयाचं कोण ऐकतंय.

चौथा दिवस निकामी झालेल्या कामांचा. सगळ्यात जास्त वेळ सिंगापूरवर गेला, निकोल हायवे, 20 एप्रिल 2004, दुपारी साडेतीन. मेट्रोसाठी तीसेक मीटर खोल खड्डा, दोन्ही बाजूंना डायफ्राम वॉल (जमिनीत आधीच ओतलेली काँक्रीटची भिंत), मध्ये आडव्या स्टीलच्या स्ट्रटचे, म्हणजे भिंतींना आतून धरणाऱ्या टेकूंचे, नऊ थर लागलेले, दहाव्यासाठी खोदकाम चालू. नवव्या थराचा स्ट्रट जिथे वेलरला (भिंतीलगतच्या आडव्या तुळईला) टेकतो तो जोड दाबाने चेमटला, त्याचा भार आठव्यावर, तो गेला, मग सगळंच. चार माणसं मेली, त्यातल्या एका फोरमनचा मृतदेह सापडलाच नाही. चौकशीत निघालं की मऊ समुद्री चिकणमातीची ताकद कॉम्प्युटरवर ज्या पद्धतीने धरली ती मुळात जास्त येत होती, जोडाचं डिझाइन कमी पडलं, आणि मला जे लागलं ते हे, की भिंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकतेय हे रीडिंग सांगत होतं आणि थांबायच्या ऐवजी मर्यादाच वाढवून घेतली होती. एकदा नाही.

एकदा नाही हे शब्द मी वर वीप होलसाठी वापरलेत ते आत्ता लक्षात आलं.

आमच्या डिचोलीच्या फोरमनने विचारलं, मग डिझाइन चुकलं तर आम्ही खाली उभे राहणाऱ्यांनी काय करायचं? सरांनी पेकचं नाव घेतलं. हा अमेरिकन माणूस शिकागोच्या सबवेच्या खड्ड्यांत जाऊन स्ट्रटवर किती भार येतो ते प्रत्यक्ष मोजत बसला. सूत्राप्रमाणे भार खाली खाली वाढत जायला हवा, त्रिकोणासारखा, प्रत्यक्षात वरच्या स्ट्रटवरही भरपूर निघाला, म्हणून आज आपण वाळूत खड्ड्याच्या डिझाइनला त्रिकोणाऐवजी वरपासून खालपर्यंत सारखा चौकोन धरतो. 1969 मध्ये त्याने लंडनच्या रँकिन व्याख्यानात सांगितलं की जमिनीचं सगळं आधी कळणारच नाही, तर जे शक्यतेतलं वाटतं ते धरून डिझाइन करा, वाईटात वाईट काय होईल त्याची तयारी आधीच कागदावर ठेवा, आणि मग मोजत राहा. आमचा फोरमन म्हणाला, खाणीत आम्ही बेंचच्या, म्हणजे कापलेल्या पायरीच्या, काठाला खुंट्या मारून दोरी बांधायचो, दोरी ताणली की मशीन मागे. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे उद्या तुम्ही शिकवा. आणि खरंच पाचव्या दिवशी परीक्षेआधी वीस मिनिटं तो उभा राहून बोलला, निम्मं कोंकणीत.

पास झालो, 100 पैकी 71.

ताळगावचं काम पावसातच आलं, येणारच. वर भराव, खाली जुन्या खाजनाचा (खाडीकाठच्या शेताचा) काळा चिखल, पाणी दीड मीटरवर. सीकंट पाइल घातले, म्हणजे आधी एक आड एक कमी ताकदीच्या काँक्रीटचे पाइल ओतायचे आणि ते पुरते कडक व्हायच्या आत दोघांच्या मधोमध, दोघांनाही थोडं कापत, सळ्यांचा पाइल, त्यामुळे फट राहत नाही आणि पाणी येत नाही. (येतं, पण थोडं.) आत दोन थर स्ट्रट. मालकांनी लमसमचा आकडा बघून माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. भिंत किती वाकतेय ते मोजायला इनक्लिनोमीटरच्या नळ्या बसवल्या, 15 मिलिमीटरला सावध, 25 ला काम बंद, आणि हे आकडे साइट ऑफिसच्या दारावर लाल पेनने लिहिले, वर माझी सही, म्हणजे वाढवायचे झाले तर सगळ्यांसमोर खोडावे लागतील.

शेजारी एक जुनं कौलारू घर आहे. तिथल्या आजी एकट्याच असतात, मुलगा दुबईला. त्यांच्या पडवीच्या भिंतीला आधीपासून एक तडा होता. त्यावर आम्ही काचेची पट्टी चिकटवली, तारीख टाकली, तडा वाढला की काच फुटते. आजींना समजावून सांगितलं तर त्यांनी ते एवढं मनावर घेतलं की सकाळी तुळशीला पाणी घातलं की आधी काच बघणार आणि मग कुंपणावरून मला हाक, "इंजिनेरबाब, काच बरी आसा!" लोक हसायचे. मी त्यांचं रीडिंग डायरीत रोज लिहायला लागलो, इनक्लिनोमीटरच्या खाली एक रकाना, आजी.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रभर कोसळत होता, सकाळी साडेसहाला फोन. "कांच फुटली मरे बाबा." मी दात घासत होतो. फोनवरच काम बंद करायला सांगितलं, कोणीही खाली उतरायचं नाही, आणि त्या दिवशी आठ वाजता राफ्टचं, म्हणजे तळाच्या पायाच्या स्लॅबचं, काँक्रीट होतं, ट्रान्झिट मिक्सर प्लांटवरून निघालेले, पंप लागलेला. मालकांचा फोन आला तो मी घेतला नाही. पोचलो, रीडिंग घेतलं, 9 मिलिमीटर. आदल्या दिवशी 9. परत घेतलं, 9. स्ट्रटचे सगळे जोड बॅटरी मारून एकेक बघितले, वेलरच्या मागे पॅकिंग जागेवर. पाण्याची पातळी हातभर वर आलेली, पंप चालू. साडेअकरापर्यंत बघत होतो. दोन मिक्सर परत गेले.

मग पडवीत गेलो तर आजी खुर्चीवर बसलेल्या, ओशाळलेल्या. खाली पायरीवर नारळ पडला होता. पडवीच्या कौलाला भोक, आणि काच मधोमध नाही, वरच्या कोपऱ्यात फुटलेली, तडा होता तेवढाच. त्या म्हणाल्या, "म्हाका दिसलं भिंत गेली. मी उगीच तुमचं काम राहवलं ना?"

मी म्हटलं, नाही आजी. मुकादमाला सांगून ऑफिसमधून नवी काच आणवली, भिंत ओली होती म्हणून फडक्याने पुसून घेतली, चिकटवली आणि तारीख टाकायला पेन शोधत होतो, तर आजींनी आतून कॅलेंडरला बांधलेलं पेन्सिल आणून दिलं.